ॲनिमोन चालतो तेव्हा : घरच्या रीफ टँकमध्ये बबल टिप ॲनिमोन स्थिर कसा करावा

रीफ टँक, म्हणजे प्रवाळ असलेली खाऱ्या पाण्याची टाकी, ठेवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. ॲनिमोन (खडकाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) आणला, हौसेने समोरच्या खडकावर बसवला, सकाळी पाहावं तर तो काचेच्या कोपऱ्यात. उचलून परत जागेवर ठेवला, तर दुसऱ्या दिवशी खडकामागे. मग कुणी काठीने ढकलतो, कुणी रबरबँड लावतो, कुणी पायाखाली गोंद लावायचाही सल्ला देतो. यातलं काहीही करू नका. ॲनिमोन उगाच चालत नाही. उजेड, प्रवाह, पाय रोवायला जागा आणि पाणी, या चारांपैकी काहीतरी त्याला पटलेलं नसतं, म्हणून तो निघतो. जागा कोणती हे तोच ठरवणार. त्याला हलायचं कारण उरू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात असतं.

हा लेख बबल टिप ॲनिमोनबद्दल आहे. शास्त्रीय नाव एन्टॅक्मिया क्वाड्रिकलर. ॲनिमोनच्या हजाराहून जास्त जाती आहेत, पण क्लाउनफिश या माशांना आसरा देणाऱ्या जेमतेम दहा. त्यांतला घरच्या टँकमध्ये सर्वांत निभावून नेणारा हाच. कार्पेट आणि मॅग्निफिका हे दुसरे ॲनिमोन दिसायला भारी, पण पहिल्यांदा ॲनिमोन ठेवणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. दुकानात 'सेबे' म्हणून पांढराशुभ्र, जांभळ्या टोकांचा ॲनिमोन दिसतो. तो पांढरेपणा बहुतेक वेळा सौंदर्य नसून आजार असतो. त्याबद्दल पुढे सांगतोच.

मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीला ॲनिमोन दिसतात. ते पाहायचे, फोटो काढायचे आणि तिथेच सोडायचे. किनाऱ्यावरचे प्रवाळाचे तुकडेही उचलून आणायचे नाहीत. दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत.

टँक मुरलेला हवा

पाण्यात मासे जगताहेत म्हणजे टँक तयार झाला, असं नाही. नव्या टँकमध्ये पहिले काही महिने सगळंच वरखाली होत असतं: आज तपकिरी शेवाळ, उद्या हिरवं, नायट्रेट चढतं, ॲल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) उतरते. प्रवाळाच्या काही जाती हे सोसतात, ॲनिमोन सोसत नाही. टँक सुरू करून किमान सहा महिने व्हावेत, आठ-दहा झाले तर उत्तम. पाणी दीडशे लिटरच्या वर असावं. लहान टँक अशक्य नाही, पण त्यात एका दिवसाचं बाष्पीभवनही सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा) हलवतं.

इथे एक जुनी गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक ॲनिमोन आणला. तो काचेच्या बरणीत राहिला, मालकामागून मालक बदलले, लोक त्याला 'ग्रॅनी' म्हणू लागले, आणि तो मेला १८८७ साली. जवळपास साठ वर्षं! ना पंप, ना दिवा. फक्त ताजं समुद्राचं पाणी आणि अधूनमधून घास. अर्थात तो थंड पाण्यातला, भरती-ओहोटीचे हाल सोसणारा, उजेडावर न जगणारा प्राणी होता, त्यामुळे बबल टिपला बरणी दाखवू नका. पण ॲनिमोन म्हातारपणाने मरतो असं घरी क्वचितच घडतं. तो मरतो तो बहुधा आपल्या धरसोडीने.

पाणी

आकडे आधी सांगून टाकतो. तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस. सॅलिनिटी ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या साधनावर) १.०२६ च्या आसपास. ॲल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (हे तिचं एकक), कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), मॅग्नेशियम १२५० ते १३५०, पीएच ८.१ ते ८.४. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच. नायट्रेट मात्र शून्य नको: ५ ते १५ पीपीएम असू द्या, आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१. अतिशुद्ध पाण्यात ॲनिमोनच्या अंगातली शैवालं उपाशी राहतात.

तुमचा आकडा यापेक्षा थोडा इकडेतिकडे असेल आणि महिनोन्महिने तिथेच असेल, तर तो तसाच राहू द्या. परिपूर्ण आकड्याच्या मागे लागून एका दिवसात ॲल्कलिनिटी दोन डीकेएचने चढवणं हे मूळ आकड्यापेक्षा वाईट.

पाणी बनवायला आरओ-डीआय (आरओनंतर रेझिनने उरलेले क्षारही काढणारं यंत्र) हवं, टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य दाखवणारं. स्वयंपाकघरातल्या आरओवर भागवू नका. पिण्याच्या यंत्रात चवीसाठी खनिजं परत मिसळतात, शिवाय डीआयची पायरीच नसते. बोअरवेलचं पाणी असेल तर डीआय रेझिन लवकर संपेल, त्याचा खर्च धरून चाला. मिठाचं प्रमाण लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम, पण पिशवीवर लिहिलेलं पाहा आणि शेवटी रिफ्रॅक्टोमीटरवरच विश्वास ठेवा. रिफ्रॅक्टोमीटरसुद्धा महिन्यातून एकदा ३५ पीपीटीच्या द्रावणाने तपासून घ्या.

आणि तांबं. ॲनिमोनला तांब्याचा अंशही चालत नाही. माशांच्या व्हाइट स्पॉट या आजारावरची कितीतरी औषधं तांब्याची असतात, ती या टँकमध्ये कधीही टाकायची नाहीत. पूर्वी तांब्याचं औषध पडलेला सेकंडहँड टँक किंवा खडक घ्यायचा नाही. घरात पाणी साठवायला तांब्याचा हंडा-कळशी असेल तर त्यातलं पाणी टँकला नाही, नळाची तोटी पितळी असेल तर बनवलेलं पाणी तिच्यातून जाऊ द्यायचं नाही. झुरळांची फवारणी आणि डासांचे स्प्रेही या प्राण्यांसाठी विषच. पेस्ट कंट्रोल करायचंच असेल तर टँक झाकून, हवेचा पंप बाहेरची हवा ओढेल असं करून.

उन्हाळ्याचं गणित प्रत्येक शहरात वेगळं. पाण्यावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंश उतरतं, हे पुणे-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात छान चालतं. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत, त्यातून जून-जुलैत, पंखा नुसता फिरतो. तिथे चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) किंवा खोलीला एसी, दुसरा मार्ग नाही. पंखा लावलात तर बाष्पीभवन वाढतं आणि सॅलिनिटी चढते, म्हणून ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) लावा, आणि त्यातून गोडं आरओ-डीआय पाणीच जाऊ द्या, मिठाचं नाही. वीज जाते तिथे बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी ठेवा. इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह करणारा पंप) चालू राहिला तरी रात्र निघते. चिलर साध्या घरगुती इन्व्हर्टरवर सहसा चालत नाही, त्यामुळे बर्फाच्या बंद बाटल्या फ्रीझरमध्ये तयार असाव्यात. त्या एकेक करून सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) तरंगवायच्या, सगळ्या एकदम नाही.

खडक, उजेड, प्रवाह

बबल टिप आपला पाय खडकाच्या फटीत खोल रोवतो आणि फक्त तोंड आणि टेंटॅकल (तोंडाभोवतीचे लवचिक स्पर्शक) बाहेर ठेवतो. धोका वाटला की आत ओढून घेता यावं, ही त्याची अट. सपाट, गुळगुळीत खडकावर तो टिकत नाही. म्हणून ॲनिमोन आणण्याआधी खडकात एक-दोन फटी किंवा भोकं अशी तयार ठेवा की अंगठा आत जाईल आणि फटीच्या तोंडाशी उजेड पोचेल. माझी पसंती मुख्य खडकापासून सुटं, चारी बाजूंनी वाळू असलेलं एक छोटं बेट करण्याला. वाळू ओलांडून जायला बबल टिप सहसा नाखूश असतो, आणि पुढे कधी हलवायचाच झाला तर खडकासकट हलवता येतो. खडक तळाच्या काचेवर पक्के टेकवा, वाळूवर नाही, नाहीतर एक दिवस घसरलेल्या खडकाखाली ॲनिमोन सापडेल.

उजेड लागतो तो त्याच्या अंगात राहणाऱ्या झूझँथेली नावाच्या एकपेशीय शैवालांसाठी. ती साखर बनवतात, ॲनिमोन त्यावर जगतो. पार मीटरवर (शैवालांना वापरता येणारा उजेड मोजणाऱ्या साधनावर) १५० ते २५० हा सुरुवातीसाठी चांगला पट्टा, रुळलेला बबल टिप ३०० च्या पुढेही खुशाल राहतो. नवा प्राणी आणाल तेव्हा दिव्याची ताकद निम्म्यावर आणा आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा. रोज आठ-नऊ तास पुरे. टायमर लावा, आठवण ठेवून दिवा लावण्यावर विसंबू नका.

प्रवाह मध्यम आणि आलटून-पालटून हवा. टेंटॅकल हळूहळू डोलले पाहिजेत. एकाच बाजूला चपटे झाले तर प्रवाह जास्त आहे, अंगावर कचरा साचत असेल तर कमी.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि लोक हे नेहमी 'नंतर करू' म्हणतात. प्रत्येक वेव्हमेकर आणि प्रत्येक ओव्हरफ्लोला (टँकमधून पाणी खाली उतरतं त्या जागेला) आवरण हवं, तेही ॲनिमोन घरात यायच्या आधी. कंपनीने दिलेली जाळी पुरत नाही, तिच्या फटीतून पाय सहज आत जातो. भरड स्पंज किंवा बारीक जाळीचं आवरण चढवा आणि दर आठवड्याला धुवा, नाहीतर पंप गुदमरेल. पंपात सापडलेला ॲनिमोन म्हणजे फक्त एक प्राणी गेला, असं नसतं. त्याचा लगदा पाणीभर पसरतो आणि सकाळपर्यंत मासेही जाऊ शकतात. हीटरलासुद्धा पिंजरा हवा, शक्य असेल तर तो सम्पमध्येच ठेवा.

विकत घेताना

घाई करू नका, दुकानात पंधरा मिनिटं उभे राहा. तोंड घट्ट बंद असावं. सैल पडलेलं, आतला भाग बाहेर आलेलं तोंड दिसलं तर परत फिरा. पाय कशाला तरी चिकटलेला असावा आणि फाटलेला नसावा. टेंटॅकल चिकट असावेत: दुकानदाराला स्वच्छ हाताने किंवा हातमोज्याने हलकंच स्पर्श करायला सांगा, ते धरून ठेवतात की नाही पाहा. रंग तपकिरी, हिरवट, लालसर, काहीही असो, त्यात दाट छटा असावी. पारदर्शक पांढरा म्हणजे शैवालं निघून गेलेली. भडक पिवळा, निऑन निळा किंवा गुलाबी एकसारखा रंग असेल तर तो बहुधा रंगवलेला आहे. रंगवलेले आणि पांढरे पडलेले ॲनिमोन जगवता येतात, पण ते नवशिक्याचं काम नव्हे, आणि घेतलेत तर दुकानदार तसलाच माल पुन्हा मागवतो.

सर्वांत चांगला सौदा म्हणजे दुसऱ्या कुणाच्या टँकमध्ये विभागून झालेला ॲनिमोन. तो समुद्रातून ओढून काढलेला नसतो, प्रवासाने खचलेला नसतो, आणि त्याला दिव्याची सवय असते. पुणे, मुंबई, बंगळुरूकडे रीफचा छंद असलेल्यांची ओळख काढा. ज्याचा ॲनिमोन विभागलाय त्याला एखादा द्यायचाच असतो.

घरी आणल्यावर

आधी पिशवी न उघडता वीस मिनिटं टँकमध्ये तरंगू द्या, तापमान जुळू द्या. मग भांड्यात काढून टँकचं पाणी बारीक नळीने थेंबथेंब सोडा, सेकंदाला दोन-तीन थेंब. पाऊण तास ते तास. दूरून कुरियरने आला असेल तर मात्र वेळ लांबवू नका. बंद पिशवीत अमोनिया साठतो, पण पीएच उतरलेला असल्यामुळे तो निरुपद्रवी राहतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी तापमान आणि सॅलिनिटी जुळवा आणि लवकर टँकमध्ये घ्या. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

पिशवीच्या प्लास्टिकला पाय चिकटला असेल तर ओढू नका. बाहेरून बर्फाचा खडा पायाच्या जागी धरा, किंवा नखाने कडेकडेने हळू सोडवा. फाटलेला पाय हे ॲनिमोन मरण्याचं सर्वांत सरळ कारण. हातमोजे घाला. बबल टिपचा डंख बहुतेकांना जाणवतही नाही, पण कुणाच्या कातडीवर पुरळ उठतं, आणि तो हात डोळ्याला लागू नये.

सगळे वेव्हमेकर बंद करा. पाय तयार ठेवलेल्या फटीच्या तोंडाशी टेकवा आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. पकड बसली की प्रवाह कमी वेगाने सुरू करा, पूर्ण वेगाला दुसऱ्या दिवशी न्या. यानंतर हात टँकबाहेर.

पहिले पंधरा दिवस : चाल वाचायची

पहिल्या दिवसांत तो आकसेल, चिंधीसारखा दिसेल, तोंडातून तपकिरी दोरे टाकेल, आणि चार तासांनी पुन्हा फुगेल. ही त्याची पाणी बदलायची रीत आहे. दिवसातून एक-दोनदा आकसणं आणि पुन्हा भरणं यात काळजीचं काही नाही. वास येत नाही आणि तोंड बंद आहे, तोवर खुर्चीत बसून राहा.

चालू लागला, तर कुठे जातोय ते पाहा.

वरवर, दिव्याकडे चढतोय, टेंटॅकल लांब ताणतोय: उजेड कमी पडतोय. दिवा एकदम वाढवू नका, आठवड्याला पाच-दहा टक्के. खडकाच्या वरच्या टोकाला स्थिरावला तर तीच त्याची जागा समजा.

खाली, खडकाआड, सावलीत लपतोय: उजेड अचानक जास्त झाला, नाहीतर प्रवाह अंगावर येतोय. आधी दिवा कमी करा, तीन-चार दिवस थांबा, मग प्रवाहाची दिशा बदला. दोन्ही एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

काचेवर, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ किंवा पंपाजवळ घुटमळतोय: प्रवाह किंवा प्राणवायू कमी. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) नीट चाललाय का, पाणी तापलंय का, हे पाहा.

सगळीकडे फिरतोय, कुठेच चोवीस तास थांबत नाही: पाणी तपासा. सॅलिनिटी, ॲल्कलिनिटी, तापमान, याच क्रमाने. अशा वेळी दहा-पंधरा टक्के पाणी बदलणं आणि ताजा कार्बन (पाणी स्वच्छ करणारा सक्रिय कोळसा) टाकणं याने क्वचितच नुकसान होतं.

पाय सुटला आणि वाळूवर घरंगळतोय: हे गंभीर. प्रवाहात वाहून जाऊ नये म्हणून भोकाभोकांची प्लास्टिकची टोपली उलटी घालून त्याखाली एक खडबडीत दगड ठेवा, दगड पकडेपर्यंत. हात लावायची मी परवानगी देईन ती याच वेळी. आणि पंपाच्या दिशेने निघालाय असं दिसलं, तर पंप बंद करून त्याचीच जागा बदला, ॲनिमोनची नव्हे.

वाटेत प्रवाळ असतील तर त्यांना तो भाजून काढतो. म्हणून स्थिर होईपर्यंत महागडे प्रवाळ त्याच्यापासून निदान वीस सेंटीमीटर दूर असावेत. आणि टेंटॅकलची टोकं फुग्यासारखी न राहता लांबट झाली, तर घाबरू नका. घरच्या टँकमध्ये निरोगी बबल टिपही असा होतो, आणि असा का होतो यावर जाणकारांचं एकमत नाही.

खाऊ घालणं

पहिला आठवडा काही देऊ नका. नंतर आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, नखाएवढा तुकडा. मासळी बाजारातली ताजी करंदी किंवा सोललेली कोलंबी बारीक चिरून, आरओच्या पाण्यात धुऊन फ्रीझ करा. ओला जवळा उत्तम. सुका जवळा नको, मीठ-हळद लावलेलं काही नको. दुकानातला गोठवलेला मायसिसही (कोळंबीसारखा बारीक जीव) चालतो. पंप बंद करा, चिमट्याने तुकडा टेंटॅकलवर ठेवा आणि तोंडापर्यंत जाऊ द्या. क्लीनर श्रिम्प तुकडा चोरायला टपलेलाच असतो, त्याला आधी दुसऱ्या कोपऱ्यात काहीतरी द्या. दुसऱ्या दिवशी तुकडा उलटून टाकला तर तो मोठा होता. पोट भरवून ॲनिमोन सुधारत नाही. पांढरा पडलेला असेल तेव्हा मात्र मंद उजेड आणि आठवड्याला दोन-तीन अगदी बारीक घास, असं महिनोन्महिने करावं लागतं.

क्लाउनफिश

हा भाग लोकांना सगळ्यात आवडतो आणि त्यावरच सगळ्यात अपेक्षाभंग होतो. आपल्या दुकानांत सर्रास मिळणारा नारिंगी-पांढरा ऑसेलारिस समुद्रात बबल टिपमध्ये राहत नाही, त्याचे यजमान मॅग्निफिका आणि कार्पेट. टँकमध्ये तो बबल टिप स्वीकारतो, कधी तासात, कधी वर्षाने, कधी कधीच नाही. मरून क्लाउनचा मात्र बबल टिप हाच नैसर्गिक यजमान. तो लगेच शिरतो, पण मोठी मादी नव्या, लहान ॲनिमोनला घुसळून हैराण करते. ॲनिमोन महिनाभर स्थिर झाल्याशिवाय क्लाउन आणू नका. आधीपासून असतील आणि त्रास देत असतील तर ॲनिमोनभोवती काही दिवस जाळीची टोपली घाला. बटरफ्लाय मासे त्याला कुरतडतात, संथ पोहणारे सीहॉर्स त्याच्या तोंडी जातात, दोन्ही या टँकमध्ये नकोत.

मेला की नाही, आणि विभागला तर

आकसलेला आणि मेलेला यांतला फरक वासाने कळतो. तोंड उघडं पडलंय, अंगाचे तुकडे सुटताहेत, पांढरट चिकट धागे निघताहेत आणि बोटाला कुजका वास येतोय, तर रात्री दोन वाजता असलं तरी तेव्हाच काढा. वाट पाहिली तर अमोनिया बाकीच्यांना नेईल. काढल्यावर पंचवीस-तीस टक्के पाणी बदला, ताजा कार्बन टाका, स्किमर जोरात चालवा, दुसऱ्या दिवशी अमोनिया तपासा.

याउलट, एका सकाळी एकाचे दोन दिसतील. बबल टिप मधोमध फाटून विभागतो, दोन्ही अर्धे काही दिवसांत तोंड-पाय पुरे करतात. कधी हे भरपूर खाऊन होतं, कधी पाण्यातल्या धक्क्याने, त्यामुळे विभागणी झाली की आकडे एकदा तपासा. नवा अर्धा जागा शोधत चालणारच, पंपांची आवरणं पुन्हा बघून घ्या. आठवडाभर दोघांनाही खाऊ देऊ नका, जखमा भरू द्या. कुणाला द्यायचा असेल तर महिन्याभराने, तोंड नीट झाल्यावर, आणि शक्य असेल तर बसलेल्या दगडासकट द्या. दगड देता येत नसेल तर त्याच्या पायावर छोट्या पॉवरहेडची (पाण्यात बुडवायच्या पंपाची) धार सोडा. बराच वेळ लागतो, पण तो स्वतःहून सुटतो.